आमची वाटचाल : तवा, दादर आणि तो मे महिना

आमच्या ब्रुअरीतलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे आईचा कळण्याच्या भाकरीचा तवा. ५०० लिटरच्या टाक्या, चिलर, हायड्रोमीटर सगळं नंतर आलं. ‘चटका’ या आमच्या काळ्या बिअरसाठी लागणारी ६ किलो दादर, म्हणजे आमच्या खान्देशातली ज्वारी, अजून त्याच तव्यावर भाजतो, अर्धा-अर्धा किलो करत. रोस्टेड माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, तयार मिळतो, माहीत आहे. पण बहिणाबाईंच्या संसारातला चटका गोणीत भरून येत नाही.

आधी नाव थेट बहिणाबाईंचंच देणार होतो. आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं. “आसोद्याच्या माउलीचं नाव दारूवर टाकशीन रे?” तेव्हापासून नियम झाला. कवीचं नाव नाही, ओळही नाही. कवितेतली वस्तू घ्यायची आणि ती चवीत उतरवायची. धरणगावच्या बालकवींचा श्रावण गव्हाच्या हलक्या बिअरमध्ये आणला, ‘ऊनपाऊस’. ‘वगैरे’ नावाचीही एक आहे. ती नेमाड्यांच्या सांगवीच्या वाटेने आली, एवढं पुरे.

दादरने रडवलं मात्र खूप. ज्वारीला बार्लीसारखं तूस नसतं, त्यामुळे मॅश टनमध्ये, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवायच्या टाकीत, ती पिठल्यासारखी बसते आणि वर्ट, म्हणजे धान्याचं गोड पाणी, खाली उतरतच नाही. तिचा स्टार्चही बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. म्हणून आधी वेगळी शिजवायची, निववायची, मग बार्लीच्या माल्टात मिसळायची. भाताचं तूस घाला. लाजू नका.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर होता. रात्री लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, पण चिलरचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला तो उठलाच नाही. पाळी भागीदाराची होती आणि भागीदार लग्नाच्या वरातीत. सकाळी पाहतो तर १९ अंशांवरचे दोन्ही फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्या, ३१ वर. यीस्ट तापलं की नको ते वास सोडतं. नमुना काढला तर नेलपॉलिशचा वास. १००० लिटर बिअर एक्साइजच्या साहेबांसमोर गटारात सोडली. चिलर विकणाऱ्याने हात वर केले. नव्याने उतरणाऱ्यांनो, कॅटलॉगमधली टनेज, म्हणजे चिलरची थंड करायची ताकद, बहुधा ३५ अंशांच्या हवेची असते. खान्देशात ४८ धरून मागा आणि लेखी घ्या.

त्याच आठवड्यात भागीदाराने हिशेब मागितला. दिला. सहा महिन्यांनी कळलं, पुण्यात एका ठिकाणी ‘कवितेची बिअर’ मिळते. जाऊन प्यायलो. मेनू आमचाच, क्रमसुद्धा तोच. ग्लासावर कवितेच्या ओळी छापलेल्या आणि आत आंब्याचं सिरप. ज्वारीचा एक दाणा नाही! वर्तमानपत्रात फोटो मात्र भागीदाराचा आला. तो मी कापून ठेवलाय. कशाला, ते विचारू नका.

गटारात बिअर सोडली त्या दिवशी नाना आले होते. मराठीचे निवृत्त मास्तर, दर शनिवारी एकच ग्लास घ्यायचे. बराच वेळ फेसाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “भो, पुढचा तवा कधी चढवतो?” आणि ५२ शनिवारांचे पैसे टेबलावर ठेवून गेले. त्या पैशांत कॉम्प्रेसरचं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी आईची पाटली गेली. ती दारूवर अजून बोलते, पाटलीवर नाही.

नानांना ‘चटका’ अजून थोडा कमी भाजलेला वाटतो. तिसऱ्या शनिवारी त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, ‘भाकर करपली पाहिजे, जळली नाही.’ तो कागद मॅश टनच्या वर चिकटवलाय, वाफेने शाई पसरलीय.

यंदाची दादर चोपड्याहून आली. दाणा बारीक आहे, तव्यावर नीट लक्ष ठेवावं लागेल.