११२ अंड्यांचा हिशेब

मार्चमधली गोष्ट. पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर नववीची मुलं कासव संवर्धनाची माहिती घ्यायला आली होती. शाळेला हवी होती पिल्लं समुद्रात सोडतानाची दृश्यं, तीही सकाळी आठला, फोटोंसकट. ही मागणी दर हंगामात येते आणि दर हंगामात मी ती नाकारतो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू बहुधा रात्री वाळूतून वर येतं आणि पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर सलग पोहत किनाऱ्यापासून लांब जातं. फोटोसाठी त्याला सकाळपर्यंत टबात ठेवलं, तर तो जोर टबाच्या कडांना धडका देण्यातच संपतो. शिकवणाऱ्यांना हे कळायला हवं.

म्हणून मुलांना दाखवलं ते पिल्लं निघून गेलेलं घरटं उकरणं. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे हे काम वनखात्याच्या परवानगीनेच होतं आणि मुलं दोरीच्या बाहेर उभी राहतात. पिल्लं निघाल्यावर दोन-तीन दिवस थांबायचं, मागे राहिलेली वर येऊ द्यायची. मग हातमोजे चढवून, खोरं न वापरता, हातानेच साधारण ४५ सेंटिमीटर खोल जायचं. टरफल अर्ध्याहून मोठं असेल तरच ते एक अंडं धरायचं. तुकडे मोजले की आकडा फुगतो आणि अहवाल छान दिसतो. न फुटलेली अंडी वेगळी ठेवायची, वारा पाठीवर घेऊन एकेक फाडायची. वास सडक्या अंड्याचाच.

या घरट्यात ११२ अंडी होती. टरफलं भरली ३८. कवच फोडून तिथेच मेलेली पिल्लं ३. उरलेल्या ७१ पैकी ८ मध्ये पूर्ण वाढलेलं पिल्लू, १४ मध्ये काहीच ओळखू येईना आणि ४९ मध्ये बलकावर रक्ताची बारीक रेघ किंवा डोळ्याचा काळा ठिपका. म्हणजे ११२ पैकी ३८ फुटली, ३४ टक्के. वाळू तापली असती किंवा भरतीचं पाणी शिरलं असतं, तर मरण वेगवेगळ्या टप्प्यांवर विखुरलेलं दिसलं असतं, असं मला वाटतं. एवढी अंडी अगदी सुरुवातीलाच गेली, की मला संशय येतो तो हाताळणीचा.

अंडं घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाच्या आतून वरच्या बाजूला चिकटतो. बाहेरून तिथे पांढरट डाग उमटतो. त्यानंतर अंडं उलटलं किंवा हिंदकळलं, की ती नाजूक पापुद्र्यांची पकड सुटते. म्हणून घरटं हलवायचंच असेल तर ते पहिल्या दोन-तीन तासांत, फार तर सहा. बादलीत तळाला त्याच खड्ड्यातली ओली वाळू घालायची, अंडी होती तशीच, न फिरवता ठेवायची आणि बादली चालत न्यायची, गाडीवर नाही. उशीर झालाच असेल तर उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने खूण करायची.

हे घरटं जानेवारीत भरतीच्या रेषेखाली सापडलं होतं, पहाटे, माग दिसल्यावर. तिथेच ठेवलं असतं तर पाण्याखाली गेलं असतं, त्यामुळे हलवणं बरोबरच होतं. पण हॅचरीत, म्हणजे अंडी पुरून राखायच्या कुंपणात, नेण्याऐवजी त्याच किनाऱ्यावर वीस पावलं वर, वेलींच्या रेषेशी, तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून ठेवलं असतं तर? हॅचरीत राखण सोपी, मोजदाद सोपी, पाहुण्यांना दाखवणं सोपं. म्हणून आम्ही सगळेच तिकडे धावतो. याच विचाराशी मी अजून अडलो आहे.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, ही अंडी किती वाजता उचलली होती?”

मी नोंदवही उघडली. तारीख, किनारा, अंड्यांची संख्या, खड्ड्याची खोली, सगळं होतं. अंडी उचलल्याची वेळ आणि पुन्हा पुरल्याची वेळ, यांना रकानेच नव्हते. तिथेच तिच्या पट्टीने दोन उभ्या रेघा ओढल्या. त्या घरट्याच्या ओळीत मात्र दोन्ही चौकोन रिकामेच आहेत.