लॅटेक्स गादीचं कव्हर: पॅकेट उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका

आप्पांच्या कंबरेसाठी लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची गादी घेतली, 72 बाय 48, 8 इंच जाड. गादी उत्तम आहे. पण आप्पांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, कधी वेळेत उठणं होत नाही, म्हणून वॉटरप्रूफ कव्हर हवंच होतं. लॅटेक्समध्ये ओल मुरली तर गादी धुता येत नाही आणि उन्हातही टाकता येत नाही. उन्हानं रबर पिवळं पडतं, कडक होतं, मग भुगा सुटतो. आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखवायची सवय, म्हणून हे आधी सांगते.

खानापूरहून बसनं बेळगावला गेले. पॅकेटवर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ', खाली 72 बाय 48. उंची कुठंच नाही.

"जरा उघडून दाखवा की."

"पॅकेट फोडलं की घ्यावंच लागतंय, ताई. सगळे असंच नेतात."

नेलं. बाजूची पट्टी निघाली 6 इंचांची. एक कोपरा बसवला की समोरचा सुटायचा. ओढून बसवलं तर गादी ढोलासारखी ताठ, कंबरेखाली दबेचना. आत जाड प्लास्टिक, कूस बदलली की चुरचुर. तिसऱ्या रात्री आप्पा म्हणाले, "जुनी कापसाचीच घाल बाई, घामानं पाठ भिजतेय." फार वाईट वाटलं.

सकाळी कव्हर घडी करून परत नेलं. बिल होतं, एक डाग नव्हता. "उघडलेला माल परत नाही." मालक जेवायला गेलेत म्हणून तासभर बसवलं. मालक आले आणि तेच वाक्य ऐकवलं. माझा राग अजून गेलेला नाही. बंद पॅकेट उघडू देत नाहीत, उघडलेलं परत घेत नाहीत, मग गिऱ्हाईकानं बघायचं कधी?

पुढच्या गल्लीतल्या दुकानदारानं मी काही म्हणायच्या आत सॅम्पल पसरलं. वर टॉवेलसारखं सुती, खाली टीपीयूचा, म्हणजे एका लवचीक प्लास्टिकचा पातळ थर. तो पाणी अडवतो, घामाची वाफ मात्र जाऊ देतो. मुठीत चुरगळलं, आवाज नाही. दोन्ही हातांनी ओढलं, छान ताणलं गेलं. त्यांनी वर चमचाभर पाणी ओतलं, खालून हात फिरवला तर कोरडं. पट्टी 10 इंचांची. तिथंच दोन घेतली, कारण खानापूरच्या पावसात एक वाळायला दोन दिवस जातात. धुवायला साधं पाणी, ब्लीच नको, इस्त्री तर अजिबात नको, थर सुटतो.

जाडी मोजताना गादीचं स्वतःचं चेनचं कव्हर काढू नका, त्याच्यासकट मोजा. चढवताना जोडीला माणूस घ्या, लॅटेक्स जड असतं. आणि बिलाच्या मागं बारीक अक्षरांत काय छापलंय ते पैसे देण्याआधी वाचा. मला ते त्या मालकांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कळलं.