लायसन्स जळगावचं, राहते पाथर्डी फाट्याला

२०२४ च्या पावसाळ्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ माझी स्कूटी घसरली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण मला उचलून बसवणाऱ्या चहाच्या गाडीवरच्या मावशींनी पर्समधलं लायसन्स पाहिलं आणि विचारलं, "जळगावची का गं तू? इथं कुणाला कळवू?" लायसन्सवर पत्ता होता तो जळगावच्या भाड्याच्या घराचा, आणि ते घर आम्ही केव्हाच सोडलं होतं. मी शुद्धीवर नसते तर त्या बिचाऱ्यांनी निरोप कुठे धाडला असता? रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

लायसन्सवरचा पत्ता बदलायचं ठरवलं. पण आरटीओ पेठ रोडला, म्हणजे माझ्यासाठी शहराचं दुसरं टोक. रजा टाकावी लागणार असं धरून चालले होते. एका एजंटाने दीड हजार सांगितले. ऑफिसातल्या ताईंनी मात्र विचारलं, "आधारवर नाशिकचा पत्ता आहे का? मग कुठे जायची गरज नाही." २०२१ पासून ही फेसलेस, म्हणजे आरटीओत न जाता घरबसल्या मिळणारी सेवा आहे. लायसन्सच्या कामांसाठीच्या सरकारी सारथी पोर्टलवर आधारचा ओटीपी दिला की नाव, फोटो, पत्ता सगळं आधारवरूनच उचललं जातं.

माझ्या आधारवर पत्ता जळगावचाच होता. म्हणजे खरं काम तिथून सुरू.

नाशिकच्या घराचा भाडेकरार नोंदणी केलेला होता, त्यामुळे पुराव्याची चिंता नव्हती. पण मी घाईत फक्त पहिलं पान जोडलं आणि अर्ज नामंजूर झाला, भरलेले ५० रुपये गेले. दुसऱ्यांदा सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घातली, दोन एमबीच्या आत बसवली. आणि ओटीपी? आधारला नंबर अण्णांचा जोडलेला. कॉलेजात असताना त्यांनीच सगळे फॉर्म भरले होते. फोन केला तर म्हणाले, "अगं, हा आकडा कुणालाच सांगायचा नसतो, बँकेत बजावून सांगितलंय." मीच बोलतेय ना, म्हटलं, तरी त्यांनी फोन ठेवला, व्हिडिओ कॉल लावला, माझा चेहरा पाहिला आणि मग चष्मा लावून एकेक आकडा वाचला. तोवर वेळ संपली होती. दुसरा ओटीपी मागवला. अण्णांनी केलं ते अगदी बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पत्ता लिहिताना सोसायटीचं नाव, विंग आणि जवळची खूण नीट घातली, कारण लायसन्सचं नवं कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतं. पत्ता सापडला नाही तर ते परत जातं.

आधार बदलून आल्यावर लायसन्सचा अर्ज अर्ध्या तासात झाला. पत्ताबदलाचे २००, स्मार्ट कार्डाचे २००, वर टपालाचे थोडे. लायसन्स नंबर तोच राहतो, एमएच १९ चा एमएच १५ होत नाही. मला उगाच वाटत होतं की होईल. एक मात्र आधीच तपासा. आधार आणि लायसन्सवरचं नाव जुळायला हवं. माझ्या मैत्रिणीचं आधार सासरच्या नावाचं आणि लायसन्स माहेरच्या, तिला कागद घेऊन पेठ रोड गाठावाच लागला. आणि गाडीच्या आरसीवरचा पत्ता यात बदलत नाही. त्याचा अर्ज वेगळा, आणि कायद्याने तो घर बदलल्यापासून तीस दिवसांत करायचा असतो. माझे तीस दिवस उलटून गेले होते, तरी तोही लगेच भरून टाकला.

कार्ड यायच्या आधीच डिजिलॉकरमध्ये नवा पत्ता दिसू लागला. मग एका दुपारी पोस्टमनकाकांनी खालून फोन केला, "मॅडम, स्पीड पोस्ट आहे, ओळखपत्र घेऊन या." जिन्यातच पाकीट फोडलं. कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि त्यामागे एक चिठ्ठी सरकवली. तिच्यावर ताईंचा नंबर आहे, खाली अण्णांचा.