व्हीलचेअरवरचा म्हातारा आणि न दाखवलेला रिपोर्ट

एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनच्या होम सेक्रेटरी (म्हणजे तिथल्या गृहमंत्री) प्रीती पटेलनी नीरव मोदीच्या प्रत्यार्पणावर सही केली तेव्हा आमच्या ग्रुपवर आर्थर रोडचे जोक सुरू झाले, बारा नंबरची बराक झाडून ठेवा वगैरे. मी म्हटलं थांबा रे, सही झाली म्हणजे माणूस विमानात बसला असं नसतं. तो हायकोर्टात गेलाच, आणि तिथला निकाल यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला.

मग सरकारच्या सहीला अर्थ काय, असं एकाने विचारलं. मला अशा वेळी पिनोशे आठवतो.

चिलीचा हा माजी हुकूमशहा ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनच्या दवाखान्यात होता, तिथंच त्याला स्पेनच्या वॉरंटवर पकडलं. हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, भांडून झालं, छळाच्या गुन्ह्यांसाठी पाठवता येईल इथपर्यंत गाडी आली, आणि जानेवारी २०००मध्ये होम सेक्रेटरी जॅक स्ट्रॉ म्हणाले की डॉक्टरांच्या मते हा खटल्याला उभा राहू शकत नाही, तेव्हा सोडून द्यावं असा माझा विचार आहे. कुठल्या डॉक्टरांनी नेमकं काय लिहिलंय? ते म्हणे गोपनीय!

बेल्जियम आणि काही मानवाधिकार संघटना कोर्टात गेल्या. आता गंमत बघा, सोडायचं का पाठवायचं हे कोर्टाने ठरवलंच नाही, ते मंत्र्याचं काम. कोर्टाने एवढंच बघितलं की ठरवायची पद्धत धड आहे का, आणि ज्या रिपोर्टवर सगळा डोलारा उभा आहे तो मागणाऱ्या देशांना दाखवायचाच नाही हे काही न्यायाचं नाही, म्हणून फेब्रुवारीत सांगितलं की त्याला मागणाऱ्या चारही देशांना (स्पेन, बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड) रिपोर्ट द्या. दिला, आणि लगेच स्पेनच्या पेपरांत छापूनही आला (गोपनीय!). स्ट्रॉसाहेबांनी सगळ्यांचं म्हणणं ऐकलं आणि २ मार्चला निर्णय तोच, सोडला.

दुसऱ्या दिवशी सँटियागोच्या विमानतळावर म्हातारा व्हीलचेअरमधून उठला आणि लष्करप्रमुखाला मिठी मारली.

पुढे ब्रिटनच्या २००३च्या प्रत्यार्पण कायद्याने मंत्र्याचे हात बरेच बांधले, तब्येतीचा प्रश्न तर थेट जजकडे दिला. त्यामुळे नीरव मोदीच्या डिप्रेशनचा मुद्दा पटेलबाईंनी बघायचाच नव्हता, तो सगळा कोर्टातच चालला.