लिंबच्या विहिरीत सापडलेलं कव्हर – माझा अनुभव

एका कल्पनारम्य पुस्तकाच्या कव्हरसाठी पहिलं स्केच मी जे पाठवलं होतं ना त्यात पंखवाला, आग ओकणारा ड्रॅगन होता, मागं बर्फाचे डोंगर आणि पुढं तलवार घेतलेली मुलगी. प्रकाशकांना ते आवडलं पण होतं. लेखिका सांगलीच्या आहेत, मी त्यांना ताई म्हणते, त्यांचा रात्री साडेनऊला फोन आला, "अगं चित्र देखणं आहे, पण हा माझ्या गोष्टीतला नाही गं. माझा प्राणी आग नाही ओकत, तो पाणी राखतो. आणि आपल्याकडं बर्फ कुठला?" मला खूप वाईट वाटलं, कारण तोपर्यंत मी हस्तलिखित पूर्ण वाचलंच नव्हतं, प्रकाशकांनी दिलेल्या दोन पानी सारांशावर काम सुरू केलेलं. त्या रात्री वाचायला बसले आणि तिसऱ्या दिवशी संपवलं, हातात पेन्सिल घेऊन, जिथं जिथं जागा, उजेड, कपडे, प्राणी यांचं वर्णन येईल तिथं खूण करत. कव्हर करणाऱ्यानं पुस्तक वाचलंच पाहिजे असं माझं आता ठाम मत आहे, वेळ नाही म्हणणाऱ्यांनी निदान मधला एक मोठा प्रसंग तरी वाचावा.

तर गोष्ट अशी की एका विहिरीच्या तळाशी दुसरं राज्य आहे आणि तिथं उतरायची वाट एक जुना प्राणी राखतोय. वाचताना माझ्या डोळ्यापुढं सारखी लिंबची विहीर येत होती. साताऱ्यापासून जवळच आहे, पुण्याकडं जाताना हायवे सोडून आत वळायचं. बारा मोटेची विहीर म्हणतात, एकाच वेळी 12 मोटा चालायच्या म्हणून. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, अष्टकोनी, आणि मधे चक्क छोटा महाल आहे, कमान आहे, भिंतीवर दगडात कोरलेले सिंह आणि शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आहेत. लहानपणी शाळेच्या सहलीला गेलेले तेव्हा भीती वाटली होती, आता मात्र मुद्दाम दोनदा गेले, एकदा सकाळी आठला आणि एकदा भर दुपारी बाराला.

हे दोनदा जाणं फार कामाला आलं. सकाळी ऊन फक्त वरच्या कडेला असतं आणि खाली सगळं निळसर गार. दुपारी सूर्य डोक्यावर आला की उजेड सरळ पाण्यावर पडतो, पाण्यावरनं उलटा फिरून कमानीच्या आतल्या बाजूला हलत राहतो, जाळीसारखा. फोटो काढले मोबाईलवर, पण फोटोत सावली नुसती काळी येते, डोळ्याला तशी दिसत नाही. काळ्या दगडाची सावली बघत बसलं की त्यात हिरवं दिसतं, शेवाळाचं, आणि थोडं जांभळं पण. म्हणून तिथंच पायरीवर बसून वॉटरकलरनं रंगांचे छोटे ठिपके वहीत लावून घेतले, शेजारी लिहून ठेवलं कुठला रंग कुठला. पुढं घरी कॉम्प्युटरवर रंगवताना मी फोटोपेक्षा त्या वहीकडंच जास्त बघितलं.

प्राण्याचं सांगते. कल्पनेतला प्राणी पटायचा असेल तर त्याचं वजन पटावं लागतं, आणि ते खऱ्या प्राण्यांकडनंच घ्यावं लागतं. भिंतीवरच्या शरभाची छाती आणि मान घेतली, पण कातडी घोरपडीची, आणि डोळे म्हशीचे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला नदीत डुंबणाऱ्या म्हशी तासभर बघितल्या, ओल्या पाठीवर उजेड कसा पट्ट्यापट्ट्यानं चमकतो ते. डोळे म्हशीचे का, तर ताईंनी लिहिलंय की तो रागीट नाही, थकलेला आहे. वाघाचे डोळे लावले असते तर पहिल्या नजरेत तो शत्रूच वाटला असता.

मग थंबनेल. म्हणजे दोन इंचाचे चौकोन आखून त्यात नुसतं काळं, करडं, पांढरं, तीनच छटा, चेहरा नाही काही नाही. असे 14 केले. डोळे बारीक करून बघायचं, आकार कळतोय का. हल्ली पुस्तक पहिल्यांदा फोनवर नखाएवढं दिसतं, तिथं जर नुसता काळपट गोळा दिसला तर पुढचं सगळं कष्ट वाया. शेवटी ठरलं ते असं, आपण विहिरीच्या तळातनं वर बघतोय, वर आभाळाचा अष्टकोनी तुकडा, पायऱ्यांवर मशाल घेतलेली मुलगी अगदी छोटी, आणि प्राणी अर्धा पाण्यात, अर्धा अंधारात. प्राणी पूर्ण दाखवावा असा प्रकाशकांचा आग्रह होता. मी दोन्ही प्रकार करून, शेजारी शेजारी फोनच्या आकारात पाठवले, मग ते स्वतःच म्हणाले की अर्धाच ठेवा.

मुलीसाठी भाचीला उभं केलं. वाड्याच्या जिन्यात रात्री दिवे घालवून, अंगावर घोंगडं, हातात मोबाईलचा टॉर्च पिवळा जिलेटीन कागद गुंडाळून. ती म्हणते, "मावशी किती वेळ?" मी म्हणलं पाचच मिनिटं आणि लागली चाळीस. पण त्यातनंच कळलं की खालून पिवळा उजेड आणि वरनं गार उजेड असा दोन्हीकडनं पडला की गालाच्या मधोमध एक मळकट पट्टा येतो, तो मनानं नसता सुचला.

रंगवलं क्रिता नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे, पेन टॅब्लेटवर, साधारण तीन आठवडे. पुस्तक डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, 300 डीपीआय म्हणजे इंचाला 300 ठिपके, चारी बाजूनं 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जास्तीचं चित्र. चित्र मी पुढचं, कणा (पुस्तकाची बांधणीकडची पाठ) आणि मागचं असं सलग केलं, आणि कण्याच्या बाजूला जास्तीचं रंगवून ठेवलं. बरं झालं ठेवलं. 320 पानं म्हणजे 160 कागद, एक कागद 0.1 मिलिमीटर धरला तर कणा 16 मिलिमीटर. छपाईच्या आदल्या आठवड्यात कागद बदलला, जाड घेतला, 0.13 चा, कणा गेला 21 वर. जास्तीचं चित्र नसतं तर मुलगीच कण्यावर गेली असती. कागद कुठला ते आधी लेखी घ्या, एवढं नक्की सांगेन.

नावाची अक्षरं मला स्वतःच करायची होती. तयार फॉन्टमधे वेलांटी आणि उकार बिचारे कोंबल्यासारखे वाटतात, आपल्या लिपीला वर खाली दोन्हीकडं मोकळी जागा लागते, ती चित्रातच आधी सोडावी लागते. मी थंबनेलपासूनच वरचा तिसरा भाग रिकामा धरला होता. बोरूनं जाडसर कागदावर तीस एक वेळा नाव लिहिलं, एक निवडून स्कॅन केलं आणि शिरोरेषा विहिरीच्या काठाच्या दगडासारखी मधे किंचित तडकवली. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची जुनी कव्हरं मी रद्दीच्या दुकानातनं गोळा करते, त्यात अक्षर आणि चित्र एकाच हाताचं वाटतं, तसं काहीतरी व्हावं हीच इच्छा होती.

सगळ्यात जास्त रडवलं प्रूफनं, म्हणजे आधी छापून बघायच्या नमुन्यानं. स्क्रीनवर प्राण्याचे डोळे निळे-हिरवे असे झळकत होते, आणि कागदावर? राख. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, छपाई चार शायांनी, तो झळाळता निळा-हिरवा त्या चार शायांत बसतच नाही. वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीचा पातळ प्लास्टिकचा थर, त्यानं अंधार अजून दाट झाला, पायऱ्या गायबच. दोन दिवस डोकं धरून बसले. मग डोळे उजळ करायचं सोडून आजूबाजूचं सगळं फिकं केलं, हिरव्यातला हिरवेपणा काढून मातकट केलं, सावल्या थोड्या उजळ केल्या. डोळ्यांचा रंग तोच ठेवला आणि दुसऱ्या प्रूफमधे ते लागले की झळकायला! डोळ्यांवर आणि पाण्याच्या रेषेवर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच जागी चकचकीत थर, तो पण घेतला, त्याची वेगळी फाईल द्यावी लागते, जिथं चमक हवी तिथं नुसतं काळं.

पुस्तक हातात आल्यावर ताईंनी फोन केला, म्हणाल्या, मी दिवा घालवून खिडकीपाशी तिरपं धरून बघितलं, आधी त्याचे डोळेच दिसतात आणि मग तो. दुसऱ्या भागाची पहिली 60 पानं त्यांनी पाठवलीत, त्यात एक फुलांचं पठार आहे, तेव्हा सप्टेंबरात वही आणि वॉटरकलर घेऊन कासला जायचंय, यावेळी सारांश मागितलाच नाही.