वाघाखालची जाळी

तलवारबाजीचा मास्क रंगवायला आला की मी डिझाइन नंतर बघतो. आधी विचारतो, हत्यार कोणतं? फॉइल, ईपी की सेबर? बरेच पालक इथेच अडखळतात. त्या दिवशी आलेले वडीलही “तलवारबाजी” म्हणाले आणि थांबले. मागे उभी असलेली मुलगी, आठवी-नववीतली असावी, म्हणाली, “सेबर, काका.” पिशवीतून मास्क काढून तिने टेबलावर ठेवला. त्यावर आधीच वाघ होता.

वाघ सुरेख काढला होता, हे आधी सांगतो. नजर जिवंत होती, पट्टे नाकाकडून गालाकडे नीट वळवलेले होते. पण सगळं काम गाडीच्या पद्धतीनं केलेलं: प्रायमर, बेस, वर टू-के क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळलेल्या पारदर्शक रंगाचे, दोन जाड हात. गाड्या रंगवणाऱ्या एका दुकानातून तीन आठवड्यांपूर्वी करून घेतलं होतं. आता टाळूवर टवके उडाले होते, तेवढे भरून हवे होते. निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती.

पुण्यातल्या नाना पेठेत बाइकच्या टाक्या आणि हेल्मेटं रंगवणारे पुष्कळ आहेत, हात चांगले आहेत. मास्क मात्र हेल्मेट नव्हे. जाळीची तार कमीत कमी 1 मिलिमीटरची आणि दोन तारांमधली जागा जास्तीत जास्त 2.1 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मा पृष्ठभाग हवाच. गाडीसारखा ओला हात मारला की क्लिअरचा पडदा भोकावर ताणून बसतो आणि तसाच वाळतो. या मास्कच्या डाव्या डोळ्यासमोर अशी अकरा भोकं बुजलेली मी मोजली.

पण खरा दोष त्याच्या पुढचा होता. फॉइलच्या मास्कची जाळी नियमाप्रमाणे वीजरोधकच असावी लागते, आतून आणि बाहेरून. तिथे रंगानं काही बिघडत नाही, फक्त बिबचा, म्हणजे गळ्यापुढच्या कापडाचा, वीजवाहक भाग झाकून ठेवायचा. सेबरमध्ये बरोबर उलटं. कमरेच्या वरचं शरीर, हात आणि डोकं, सगळं लक्ष्य. जॅकेट धातूच्या धाग्याचं, मास्कची जाळी उघडी, आणि दोघांना जोडणारी एक छोटी वायर, तिच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. समोरच्याचं पातं यातल्या कशालाही टेकलं की गुणांच्या पेटीवर दिवा लागतो. मधे रंग आला की लागत नाही.

मीटर काढला. तापकीर गल्लीत मिळतो तो साधाच, पण या कामाला पुरतो. 200 ओहमवर लावून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली: 0.4. हा मीटरच्या वायरींचा आकडा, प्रत्येक मोजमापातून वजा करायचा. मग एक टोक बिबच्या कडेला, जिथे क्लिप लागते तिथे धरलं आणि दुसरं टाळूवरच्या टवक्यावर. वजा जाता 1.9. नियम 5 ओहमपर्यंत चालवून घेतो. नंतर गालावर, वाघाच्या मिशीवर टेकवलं. मीटरच्या पडद्यावर डाव्या कडेला नुसता 1, म्हणजे जोड नाहीच. कपाळ, 1. दुसरा गाल, 1. बिबला रंग नव्हता, तिथे परत 2.3.

वडील विचारत होते, टवके कधी भरून मिळतील. मुलगी आकडे बघत होती. ती म्हणाली, “म्हणजे तिचे कट बसत होते?”

‘ती’ म्हणजे तिच्याच क्लबमधली मैत्रीण. दोघी रोज समोरासमोर खेळतात. मैत्रिणीचा गालावरचा कट, म्हणजे पात्याच्या धारेचा घाव, क्लबमध्ये सगळ्यांत चांगला होता, आणि गेले तीन आठवडे त्याला दिवाच लागेना. फॉइलमध्ये लक्ष्याबाहेर टोक लागलं तर निदान पांढरा दिवा लागतो. सेबरमध्ये तसा दिवा नाही. रंगावर कट बसला की खट्ट आवाज येतो आणि पेटी गप्प. बघणाऱ्याला वाटतं, पातं पात्यावर गेलं. सरांनी त्या पोरीला सांगितलं, अंतर चुकतंय, हात लवकर सोडतेस. तिनं हात बदलायला घेतला. बरोबर असलेला हात.

इतके दिवस कळलं कसं नाही, याचं उत्तर टाळूवर होतं. तिथे सारखे घाव बसून क्लिअर उडालं होतं आणि उघड्या तारेवर दिवा लागायचा. अधूनमधून लागत होता म्हणूनच कुणाला शंका आली नाही. शिवाय त्यांच्या क्लबात खेळ सुरू होण्याआधी मुलं पातं समोरच्याच्या जॅकेटला टेकवून दिवा बघतात, मास्कला टेकवत नाहीत. स्पर्धेत साहित्य तपासताना हा मास्क पहिल्या मिनिटाला बाजूला काढला असता. सरावात तपासायला कुणी नसतं. हजारो रुपयांचं साहित्य आणणाऱ्या क्लबांनी एक मीटर ठेवून महिन्यातून एकदा मास्क का मोजू नयेत, हे मला अजून समजलेलं नाही.

वडिलांनी मोबाइलवर अमेरिकेच्या खेळाडूंचे झेंडा रंगवलेले मास्क दाखवले. त्यांना सांगितलं, ते काम वीज वाहते की नाही हे मोजून केलेलं असतं, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी डिझाइनला आधी मंजुरी घ्यावी लागते. मी सेबरच्या जाळीला रंग लावत नाही. बिबलाही नाही. ते थोडे नाराज झाले, पैसे गेले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, काढायला सांगा.”

टू-के साध्या थिनरला दाद देत नाही. जेल रिमूव्हर लागतो, आणि तो बिबच्या कापडावर गेला तर कापड गेलं. म्हणून आतली गादी काढून ठेवली. बिबवर प्लॅस्टिकच्या दोन घड्या आणि कडेला मास्किंग टेप दुहेरी लावली. मास्क उलटा टांगला, म्हणजे ओघळ टाळूकडे जातात, बिबकडे येत नाहीत. एका वेळी तळहाताएवढाच भाग, अर्ध्या इंचाच्या ब्रशनं. रंग सुरकुतून उठला की नायलॉनच्या ब्रशनं काढायचा. तारेचा ब्रश चालत नाही. स्वस्त मास्कची तार साध्या पोलादाची असते, वरचा मुलामा खरवडला की आठवड्यात गंज, आणि गंजही वीज अडवतोच. बाहेर धो धो पाऊस होता, तरी वाफेमुळे शटर उघडंच ठेवावं लागलं. हवा गार असल्यानं एरवी दहा मिनिटांत उठणारा थर पंचवीस मिनिटं घेत होता. एक भाग झाला की ओल्या फडक्यानं चार वेळा पुसायचा, आतून हवा मारायची, मग पुढचा.

रात्री साडेअकराला जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसली. मोजली. कपाळ 1.6, उजवा गाल 2.1, डावा गाल 7.8. रंग कुठेच दिसत नव्हता. भिंगातून पाहिलं तेव्हा सापडला: तार तारेवर चढते त्या सांध्यात प्रायमरची करडी रेघ, केसाएवढी. डाव्या गालावर असे सांधे शेकड्यांनी. बोथट केलेल्या सुईनं एकेक टोकरत गेलो. दर वीस-तीस सांध्यांनी आकडा थोडा उतरायचा. 6.1, 4.9. नियमात आला होता, पण घामानं तार गंजत जाते तसा आकडा वाढतो, म्हणून 2.4 होईपर्यंत थांबलो नाही. शेवटी व्हर्नियर लावून तारेची जाडी पाहिली, कारण प्रायमरआधी त्या दुकानात जाळीला पॉलिश पेपर मारला होता. जाडी ठीक भरली. जाळी दाबून तिची ताकद तपासायचा 12 किलोचा पंच माझ्याकडे नाही, ती तपासणी स्पर्धेआधी करून घ्या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी दोघी मुली आल्या. दुसरीनं स्वतःचा मास्क आणला होता. त्याला काही झालं नव्हतं. तो 1.3 निघाला. मग तिनं मीटरचं टोक मागून घेतलं आणि मैत्रिणीच्या मास्कच्या डाव्या गालावर स्वतः टेकवलं. आकडा स्थिर होईपर्यंत हात हलू दिला नाही.

“काका, मग हात आधीसारखाच मारू?”

मला तलवारबाजी येत नाही. तीन आठवड्यांत तिचे किती कट बसले, हे कोणताही मीटर सांगणार नाही आणि त्यानं बिघडलेला हात आठ दिवसांत परत येतो का, हेही मला ठाऊक नाही. रात्री काम करतानाही हेच डोक्यात होतं, अजून आहे. मी म्हणालो, “हे सरांना दाखव.” कागदावर दोन रकाने केले, रंग असताना आणि रंग काढल्यावर. पाचही जागांचे आकडे लिहिले, खाली तारीख घातली, सही केली. तिनं कागदाची घडी करून ग्लव्हच्या आत ठेवली आणि ग्लव्ह हातात घातला.