फ्लोरिडातील गोल्फ कार्ट आणि ताशी वीस मैलांची मर्यादा

फ्लोरिडातील मुला-मुलींकडे काही महिने राहायला येणारे आई-वडील मायदेशी जे फोटो पाठवतात, त्यांत एक तरी फोटो गोल्फ कार्टमधला असतोच. गाडी दिसायला अगदी साधी असते. तिला दारे नाहीत, गिअर नाहीत, दोन पेडल आणि एक स्टिअरिंग एवढाच कारभार. आपल्याकडच्या मोठ्या रेल्वे स्थानकांवर ज्येष्ठ प्रवाशांना फलाटावरून नेणाऱ्या बॅटरीच्या गाडीसारखीच ती दिसते. त्यामुळे ही गाडी कुणीही, कुठेही चालवावी, तिला कसला आला कायदा, असा समज पाहुण्यांचाच नव्हे, तर येथे अनेक वर्षे राहिलेल्या आपल्या लोकांचाही असतो. हा समज किती महागात पडू शकतो हे मी आमच्या परिचयातील कुटुंबांत पाहिले आहे, म्हणून फ्लोरिडाचा कायदा काय सांगतो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गोल्फ कार्टचे नाव निघाले की प्रथम आठवते ते ऑर्लँडोच्या वायव्येला असलेले ‘द व्हिलेजेस’. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी वसवलेली ही वसाहत आज तीन काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, पसरलेली आहे आणि तिच्यात गोल्फ कार्टसाठी सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर लांबीचे मार्ग आहेत. किराणा, दवाखाना, बँक, संध्याकाळचे संगीताचे कार्यक्रम, सगळीकडे माणसे या गाडीने जातात. मोठ्या रस्त्यांखालून बोगदे काढलेले आहेत आणि २७-४४१ या महामार्गावरून पलीकडे जाण्यासाठी गोल्फ कार्टचा स्वतंत्र पूल आहे. ज्यांना वयोमानामुळे मोटार चालवणे झेपत नाही अशा माणसांचे स्वावलंबन या गाडीने टिकवले आहे आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र तेथे एक-दोन दिवस पाहुणे म्हणून राहून आलेला माणूस, साऱ्या फ्लोरिडात असेच चालते, अशी समजूत घेऊन परततो. निवृत्तांच्या स्वयंपूर्ण वसाहतींसाठी राज्याच्या कायद्यात वेगळे कलम आहे आणि तेथे, मनाई केलेली नसेल तर, गोल्फ कार्टला मुभा आहे. वसाहतीच्या बाहेर पाऊल टाकले की नियम उलटा होतो.

बाहेरचा नियम कलम ३१६.२१२ मध्ये आहे आणि त्याची सुरुवातच मनाईने होते. सार्वजनिक रस्त्यावर गोल्फ कार्ट चालवता येत नाही. काउंटीने किंवा शहराने एखादा रस्ता त्यासाठी नेमून दिला असेल, तरच चालवता येते. रस्ता नेमून देण्याआधी तेथील वाहनांचा वेग, त्यांची संख्या आणि वर्दळीचे स्वरूप पाहून गोल्फ कार्ट सुरक्षित जाऊ शकेल असा निर्णय स्थानिक प्रशासनाला घ्यावा लागतो, आणि तसा फलकही लावावा लागतो. म्हणूनच आपल्या गल्लीत फलक आहे आणि पुढच्या वळणानंतर नाही, असे पुष्कळदा दिसते. ज्या रस्त्यावर फलक नाही तेथे परवानगी नाही असेच धरून चालावे. राज्य महामार्ग वाटेत आला तर तो ओलांडण्यासाठीसुद्धा त्या जागेला आणि तेथील सिग्नलव्यवस्थेला राज्याच्या परिवहन विभागाची मान्यता लागते. काही शहरांनी स्वतःचे नियम करून महामार्गालगतच्या पदपथांवर परवानगी दिली आहे, पण तो पदपथ किमान आठ फूट रुंद असावा लागतो आणि वेग ताशी १५ मैलांच्या आत ठेवावा लागतो. वेळेचेही बंधन आहे: सूर्योदय ते सूर्यास्त. रात्री चालवण्याची मुभा स्थानिक प्रशासन देऊ शकते, पण मग हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि समोरची काच हे सारे गाडीला हवे. दिवसा चालवण्यासाठी चांगले ब्रेक, भरवशाचे स्टिअरिंग, सुस्थितीतील टायर, मागचे दाखवणारा आरसा आणि पुढे-मागे लाल रिफ्लेक्टर एवढे पुरते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कायद्याच्या दृष्टीने गोल्फ कार्ट म्हणजे अमुक आकाराची गाडी नव्हे. गोल्फच्या मैदानासाठी बनवलेली आणि ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊच न शकणारी गाडी, अशी तिची व्याख्या आहे. वेग वीस मैलांच्या पुढे पण पंचवीस मैलांच्या आत असेल, तर तीच गाडी ‘लो स्पीड व्हेइकल’ या वेगळ्या वर्गात जाते. हा वर्ग १९९८ साली केंद्रीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाने निर्माण केला. त्याआधी वीस मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्या छोट्या चारचाकीलाही मोठ्या मोटारीचे सगळे सुरक्षा निकष लागू होत आणि ते पुरे करणे अशा हलक्या गाडीला शक्यच नव्हते. म्हणून मधला मार्ग काढण्यात आला: धडकेच्या चाचण्यांचे ओझे नाही, पण सीटबेल्ट, सुरक्षित काच, सगळे दिवे, आरसे, पार्किंग ब्रेक आणि सतरा अक्षर-अंकांचा वाहन ओळख क्रमांक बंधनकारक. अशी गाडी ताशी ३५ मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यांवर जाऊ शकते आणि त्याहून वेगवान रस्ता चौकात ओलांडू शकते. मात्र तिची नोंदणी करावी लागते, नंबर प्लेट लावावी लागते, विमा काढावा लागतो आणि चालकाकडे वाहन चालवण्याचा परवाना असावा लागतो. विम्यात स्वतःच्या दुखापतीसाठी किमान दहा हजार डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी किमान दहा हजार डॉलर एवढे संरक्षण हवे. साध्या गोल्फ कार्टला नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा यांतले काहीच सक्तीचे नाही.

भारतातील वाचकांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या विजेच्या दुचाकीला नोंदणी आणि परवाना लागत नाही, आणि दुकानातून घेतल्यावर तिचा वेग वाढवून दिला जातो अशी तक्रार सतत ऐकू येते. नेमके तेच येथे गोल्फ कार्टच्या बाबतीत घडते. नवी विजेची गोल्फ कार्ट कारखान्यातून येते तेव्हा तिचा वेग कंट्रोलरमध्ये बांधून दिलेला असतो. हा कंट्रोलर बदलला किंवा त्याचे प्रोग्रॅमिंग बदलले, वर मोठी चाके बसवली, की हीच गाडी सहज बावीस-चोवीस मैलांनी धावू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात काहीही फरक दिसत नाही. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी अशीच एक जुनी गाडी एका खासगी विक्रेत्याकडून घेतली. विक्रेत्याने वेग वाढवल्याचे कौतुकाने सांगितले होते आणि यांनाही ती सोयच वाटली. पुढे गस्तीवरील अधिकाऱ्याच्या रडारवर गाडीचा वेग वीसच्या वर दिसला, तेव्हा नेमून दिलेला रस्ता, दिवसाची वेळ, जवळचे ओळखपत्र हे सारे नियमात असूनही उपयोग झाला नाही. कारण त्या क्षणी ती गोल्फ कार्ट उरली नव्हती, तर नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन झाली होती. आणि वेग पंचविसाच्याही पुढे नेला, तर ती गाडी या दोन्ही वर्गांत बसत नाही.

चालकाच्या वयाचा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून बदलला, पण जुना नियम अजून अनेकांच्या डोक्यात बसलेला आहे. पूर्वी चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला रस्त्यावर गोल्फ कार्ट चालवता येत असे. आता अठरा वर्षांखालील प्रत्येकाकडे किमान लर्नर्स लायसन्स हवे, आणि ते फ्लोरिडात पंधराव्या वर्षाआधी मिळत नाही. अठरा वर्षांवरील व्यक्तीकडे सरकारने दिलेले, छायाचित्र असलेले वैध ओळखपत्र हवे. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे: गोल्फ कार्टसाठी कायदा त्यांच्याकडे वाहन परवाना मागत नाही, पण गाडी हातात घेताना पासपोर्ट घरच्या कपाटात ठेवून चालणार नाही. मद्यपानाचे नियमही या गाडीला मोटारीसारखेच लागू आहेत. क्लबमध्ये दोन पेग घेऊन ‘गोल्फ कार्टच तर आहे’ असे म्हणत घरी निघणाऱ्या माणसावर नेहमीच्याच कलमाखाली गुन्हा दाखल होतो.

याहूनही गंभीर बाब मालकाच्या जबाबदारीची आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. फ्लोरिडाच्या न्यायालयांनी १९२० सालापासून मोटारीला ‘धोकादायक साधन’ मानले आहे. ज्याने आपली गाडी दुसऱ्याला विश्वासाने चालवायला दिली, तो चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणाला स्वतःही जबाबदार ठरतो. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व गोल्फ कार्टलाही लागू केले. म्हणजे शेजारच्या मुलाने ‘काका, एक चक्कर मारून येऊ का’ म्हणून किल्ली मागितली आणि आपण दिली, तर त्या चकरीत कुणाला इजा झाल्यास भरपाईचा दावा आपल्यावरही येऊ शकतो. गोल्फ कार्टला विमा सक्तीचा नाही याचा अर्थ तो नसला तरी चालेल असा मुळीच नाही. घराच्या विम्यात गोल्फ कार्टचे संरक्षण कुठपर्यंत आहे, वसाहतीबाहेरच्या रस्त्यावर ते लागू होते का, हे पॉलिसी वाचून विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. माझ्या मते वेगळा विमा काढणेच योग्य.

मुलांविषयी थोडे. बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि बाजूला अडवायला दार नसते. डावीकडे जोरात वळण घेतले की उजव्या कडेला बसलेली व्यक्ती बाहेर फेकली जाते. मागे तोंड करून बसण्याच्या आसनावरचे मूल गाडी झटक्यात सुरू होताच पुढे झुकून थेट रस्त्यावर पडू शकते. आजी-आजोबा कौतुकाने नातवंडाला मांडीवर घेऊन बसतात, पण वळणावर त्याला धरून ठेवणे त्यांच्या हातांना झेपत नाही. सीटबेल्ट सक्तीचा नसला तरी तो बसवून घेता येतो आणि घ्यावाच, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

राज्य बदलले की नियम बदलतात हेही लक्षात ठेवावे. जॉर्जियात अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. तेथेही शंभर मैलांच्या आसपास गोल्फ कार्टचे मार्ग आहेत आणि शाळकरी मुले गोल्फ कार्टने हायस्कूलला जातात. तेथे जे चालते ते फ्लोरिडात चालेलच असे नाही.

ज्यांना आपली वेग वाढवलेली गोल्फ कार्ट नियमात बसवायची आहे, त्यांच्यासाठी मार्ग आहे. वर सांगितलेली सगळी उपकरणे बसवून घ्यायची आणि गाडी राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या विभागीय कार्यालयात तपासणीसाठी न्यायची. तेथे तिला वाहन ओळख क्रमांक मिळतो आणि मग मालकीचे कागद व नोंदणी होते. मात्र ती तेथपर्यंत चालवत नेता येत नाही, ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते. त्यामुळे जुनी गाडी घेताना विक्रेता ‘रस्त्यावर चालते’ असे म्हणाला, तर पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद आणि गाडीवरचा ओळख क्रमांक जुळवून पाहावा. कागद नसेल तर मोकळ्या जागेत स्वतः चालवून तिचा वेग वीसच्या आत राहतो का ते तपासावे.